रंगाच्या दोन पेढ्या : बॉम्बे डाईंग आणि बेनेटन

आमच्या भागातल्या लहान कापड दुकानदारापुढे कधी ना कधी एक प्रश्न येतोच. एखाद्या नावाजलेल्या कंपनीची एजन्सी घ्यावी, की भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा बिननावाचा माल आणून थोड्या नफ्यावर विकावा? ब्रह्मपुरी, वडसा, राजुरा, आलापल्ली अशा गावांतून तरुण मंडळी रेडीमेडच्या आणि चादरी-टॉवेलच्या धंद्यात उतरत आहेत. त्यांच्यापाशी वडिलोपार्जित गल्ला नाही. जे आहे ते घरातल्या बायकांचे दागिने, पतसंस्थेची उचल, नाहीतर आखातात गेलेल्या भावाने पाठवलेले पैसे. अशा माणसाने अनामत भरून कुणाच्या तरी नावाची पाटी दुकानावर चढवायची, तर त्या नावामागे नेमके काय आहे हे त्याला आधी कळायला हवे.

म्हणून या वेळी आम्ही दोन पेढ्यांची हकीकत सांगणार आहोत. एक आपल्या मुंबईची, बॉम्बे डाईंग. दुसरी इटलीची, बेनेटन. दोन्ही पेढ्या रंगाच्या जोरावर उभ्या राहिल्या, दोन्ही एकाच घराण्याच्या हातात राहिल्या. दोघींचा कापडधंदा एक काळ अव्वल होता आणि पुढे उतरणीला लागला. कापड खपेनासे झाले म्हणून हे झाले असे लोक म्हणतात. आमचे मत वेगळे आहे, ते पुढे येईलच.

लाल, हिरवा आणि नारिंगी

१८७९ साली नवरोजी नसरवानजी वाडिया यांनी मुंबईत सूत रंगवण्याचे एक छोटे काम सुरू केले. देशी कापसाचे सूत हाताने रंगात बुडवायचे आणि उन्हात वाळत घालायचे, एवढाच कारभार. रंग तीनच: तुर्की लाल, हिरवा आणि नारिंगी. वाडिया घराणे मूळचे सुरतेचे, जहाजे बांधणारे. त्यांच्या पूर्वजांनी मुंबईच्या गोदीत सागवानी लढाऊ जहाजे बांधून इंग्रजी आरमाराला दिली होती. लोखंडी आगबोटी आल्या आणि सागवानी जहाजांचे दिवस सरले, तेव्हा या घराण्यातील काहींनी कापसाकडे मोर्चा वळवला.

काळही अनुकूल होता. दोनच वर्षे आधी, १८७७ साली, जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली होती. त्याच दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे आपल्या वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली. ही रेल्वे प्रवाशांच्या सोयीसाठी घातलेली नव्हती. तिला हवा होता हिंगणघाटचा कापूस आणि वरोऱ्याच्या खाणीचा कोळसा. चांदा जिल्ह्याने गिरणीधंद्याला कच्चा माल दिला, आणि पक्का माल परत याच रुळांवरून आपल्या बाजारात विकायला आला. जंगलाच्या आतल्या गावांत तो बैलगाडीने जाई. वरोरा, राजुरा भागातला कापूस आजही जिनिंगमध्ये गाठी बांधून बाहेरच जातो, हे वाचकांना सांगायला नको.

सूत रंगवता रंगवता वाडियांनी पुढे गिरण्याच चालवायला घेतल्या. नायगाव-दादर भागात स्प्रिंग मिल, वरळी-लोअर परळ भागात टेक्सटाईल मिल. नाव मात्र रंगाचेच राहिले. चादर, टॉवेल, उशीचे अभ्रे, पॉपलिन, साड्या, सूटाचे कापड असा पसारा वाढत गेला. शर्टांसाठी त्यांनी ‘विवाल्डी’ हे एका जुन्या इटालियन संगीतकाराचे नाव वापरले. भारतीय गिऱ्हाइकाला शर्टावर इटालियन नाव आवडते, हे तेव्हाच ओळखले होते म्हणायचे!

१९८० च्या दशकात या कंपनीची चादर ही आपल्याकडे नुसती चादर राहिली नव्हती. हिंदू घरात रुखवतात आणि मुसलमान घरात जहेजात ती वर दिसेल अशी मांडली जाई. ती रोज अंथरत नसत. पाहुणे आले की कपाटातून निघे, पाहुणे गेले की धुऊन पुन्हा आत. धुतल्यावर रंग जात नाही आणि कापड आटत नाही, एवढ्या दोन गोष्टींवर हे नाव चाले. जाहिराती नंतरच्या. आमच्या मते कापडाच्या ब्रँडचा खरा अर्थ हाच की गिऱ्हाइकाने घडी न उलगडता पैसे द्यावेत. त्या काळी सोलापूरची चादर थंडीसाठी आणि बॉम्बे डाईंगची पाहुण्यांसाठी, अशी वाटणीच झाली होती.

कंपनी वाचवली कुणी?

या घराण्याचे एक नाते आपल्या वाचकांना ठाऊक असेल. बॅरिस्टर जीनांची एकुलती कन्या दीना यांचा विवाह १९३८ साली नेविल वाडिया यांच्याशी झाला. त्यांचे पुत्र नस्ली वाडिया. देशाची फाळणी मागणाऱ्या नेत्याचा नातू मुंबईत गिरणी चालवतो, याची चर्चा आपल्या मोहल्ल्यांतून पुष्कळ झाली. तथापि धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते १९७१ साल.

त्या वर्षी नेविल वाडिया यांनी कंपनी कलकत्त्याच्या रामप्रसाद गोयंका यांना विकून परदेशी स्थायिक व्हायचे ठरवले. नस्ली तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचे. त्यांनी विरोध केला. आई, बहीण आणि जे. आर. डी. टाटा यांचा पाठिंबा मिळवून त्यांनी अकरा टक्क्यांच्या आसपास शेअर गोळा केले. कंपनीच्या नोकरदारांनाही आपली बचत शेअरमध्ये घालण्याचे आवाहन झाले. मग ते लंडनला जाऊन वडिलांपुढे उभे राहिले आणि विक्री रद्द झाली. १९७७ साली ते अध्यक्ष झाले.

ही गोष्ट उद्योगजगतात मुलाच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण गिरणी टिकावी म्हणून तिथे काम करणाऱ्यांकडेही हात पसरला गेला होता, हा भाग फारसा कुणी सांगत नाही. पुढचा भाग वाचताना वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

संप, माग आणि जमीन

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे साठ गिरण्यांचे अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. संपाच्या काळात बाजारात गिरण्यांचे कापड अजिबात दिसेनासे झाले का? नाही. भिवंडी आणि इतर ठिकाणच्या यंत्रमागांवर कोरे कापड विणून घेतले जाई आणि त्यावर गिरणीचा छाप पडे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांचा भरणा मोठा होता, मदनपुरा त्यांच्यामुळेच वसला. याच समाजाची दुसरी माणसे भिवंडीत आणि मालेगावात मागावर उभी होती. म्हणजे एका भावाचा संप दुसऱ्या भावाच्या मागावर मोडला गेला. दोष भिवंडीच्या मागवाल्याचा नव्हता, त्यालाही घर चालवायचे होते.

मालकांनी यातून एक धडा घेतला. कापड विणायला स्वतःची गिरणी लागत नाही, छाप आपला असला की पुरे. यंत्रमागावर मजुरी कमी, कामाचे तास जास्त, भविष्यनिर्वाह निधी नाही, करांतही सवलत. हिशेब सोपा होता. आणि हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला होती जमीन.

मुंबईच्या गिरण्या एके काळी गावाबाहेर होत्या. शहर वाढले आणि त्या मधोमध आल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांतील ५८ व्या नियमाने असे ठरवले की गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ साली या नियमात बदल झाला. वाटणी आता सगळ्या जमिनीची करायची नव्हती. जी जमीन मोकळी आहे, जिच्यावर बांधकाम नाही, तेवढीच वाटायची. गिरण्यांच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? सगळीकडे शेड, गोदामे, चिमण्या. साहजिकच शहराचा आणि कामगारांचा वाटा आक्रसला. पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, तर ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून बदललेला नियम कायम केला. त्या खटल्याच्या नावातच बॉम्बे डाईंग आहे.

इथून पुढे कंपनीचे लक्ष कुठे असणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. दोन्ही गिरण्यांतले साचे थांबले. पुण्याजवळ रांजणगावला नवा कारखाना काढला, पण पुढे चादरी-टॉवेल बाहेरून तयार करून घेऊन आपल्या नावाने विकण्याकडे कंपनी वळली. पाताळगंगेला पॉलिएस्टरचा व्यवसाय होता. तिथे १९८० च्या दशकात अंबानींच्या रिलायन्सशी कच्च्या मालावरून जी झुंज झाली तिच्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. नायगावच्या स्प्रिंग मिलच्या जागी उंच मनोरे उभे राहिले. कंपनीच्या विक्रीत मोठा भाग पॉलिएस्टर धाग्याचा आणि इमारतींचा झाला. ज्या चादरीने नाव कमावले तिचा वाटा अगदी लहान उरला.

सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने वरळीची सुमारे २२ एकर जमीन जपानच्या सुमितोमो समूहाच्या गोइसू रिअल्टी या कंपनीला ५,२०० कोटी रुपयांना विकण्याचे जाहीर केले. एकरी सव्वादोनशे कोटींहून अधिक. त्यातून कर्ज फिटले. १८७९ पासून चाललेल्या रंगाच्या धंद्यापेक्षा त्या धंद्याखालची जमीनच जास्त मोलाची ठरली.

आणि कामगार? म्हाडाने १ मार्च २०२० रोजी बॉम्बे डाईंगच्या दोन गिरण्या आणि श्रीनिवास मिल यांच्या जागेवर बांधलेल्या ३,८९४ घरांची सोडत काढली. ज्यांचे नाव निघाले त्यांना घर मिळण्याची आशा लागली. घराची वाट पाहणाऱ्या गिरणी कामगारांची आणि वारसांची संख्या लाखाच्या वर आहे. त्यांतले बरेच जण कोकणात, घाटावर परत गेले. काहींची मुले आज सुरक्षारक्षक म्हणून अशाच मनोऱ्यांच्या फाटकावर उभी असतात.

इटलीतही हेच

आता कुणी म्हणेल, ही मुंबईच्या जमिनीची करामत आहे, बाहेर असे होत नाही. म्हणून बेनेटनची हकीकत पाहू. हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांचे हे नाव मोठ्या शहरांच्या मॉलमध्ये आपल्या वाचकांनी पाहिले असेल. १९९१ पासून ते डीसीएम समूहाच्या भागीदारीत भारतात आले आणि २००४ साली इथला कारभार कंपनीने पूर्णपणे स्वतःकडे घेतला.

इटलीच्या उत्तर भागात त्रेव्हिसो नावाचे शहर आहे. तिथल्या बेनेटन कुटुंबात वडील लवकर वारले. थोरला लुचानो शाळा सोडून कापडाच्या दुकानात कामाला लागला. बहीण जुलियाना स्वेटर विणण्याच्या कामावर जाई. त्या काळी इटलीत स्वेटर म्हणजे काळा, करडा, तपकिरी. जुलियानाने भावासाठी एक भडक रंगाचा स्वेटर विणला आणि लोक तो कुठे मिळतो म्हणून विचारू लागले. लुचानोने आपला अ‍ॅकॉर्डियन आणि धाकट्या भावाची सायकल विकून विणकामाचे जुने यंत्र घेतले. १९६५ साली चार भावंडांनी मिळून पोंझानो व्हेनेतो या गावी कंपनी स्थापन केली.

त्यांची खरी युक्ती रंगाईत होती. त्या वेळी सूत आधी रंगवत आणि मग विणत. बेनेटनने उलटे केले. कोरे स्वेटर विणून तयार ठेवायचे आणि हंगामात कुठला रंग चालतो ते पाहून मग तयार कपडाच रंगवायचा. निळा चालला तर निळा, लाल चालला तर लाल. न खपणाऱ्या रंगाचा माल पडून राहण्याचा धोका पुष्कळ कमी झाला. ज्या दुकानदाराच्या फळीवर गेल्या ईदचे पोपटी रंगाचे शर्ट अजून पडून आहेत, त्याला या युक्तीची किंमत लगेच कळेल.

शिलाई-विणाई आसपासच्या शेकडो लहान कारखान्यांतून मजुरीवर होई, रंगाई आणि कापणी कंपनी स्वतःकडे ठेवी. दुकानेही स्वतःची नव्हती. दुकानदार आपले भांडवल घाली, आपल्या खर्चाने दुकान सजवी, माल काही महिने आधी मागवी आणि विकत घेई. न खपलेला माल परत घेतला जात नसे. कंपनी त्याच्याकडून नाव वापरल्याचे पैसे मागत नसे, पण माल फक्त बेनेटनचाच ठेवावा लागे. १९९० च्या दशकात अशी सुमारे ७,००० दुकाने सव्वाशेच्या आसपास देशांत झाली. मोटारशर्यतीतला त्यांचा संघ १९९५ साली मायकेल शूमाकरला घेऊन जगज्जेता ठरला.

जाहिरातींनी तर खळबळच उडवली. छायाचित्रकार ओलिव्हिएरो तोस्कानी यांनी स्वेटर दाखवायचे सोडून नुकतेच जन्मलेले बाळ, एड्सने मरणासन्न झालेला तरुण, असली चित्रे लावली. जगभर वाद झाले. जर्मनीत काही दुकानदारांनी या जाहिरातींमुळे गिऱ्हाईक तुटले म्हणून मालाचे पैसे थांबवले आणि मामला कोर्टात गेला. २००० साली अमेरिकेतील फाशीच्या कैद्यांची चित्रे आली आणि तिथल्या सीअर्स या मोठ्या दुकानसाखळीने करार मोडला. जाहिरात कंपनीने करायची आणि नुकसान गल्ल्यावर बसलेल्याने सोसायचे, हा प्रकार इथे उघड दिसला.

तरीही आम्ही बेनेटनची उतरण जाहिरातींमुळे झाली असे मानत नाही. १९९५ च्या सुमारास कुटुंबाने महामार्गांवरील उपाहारगृहांची ऑटोग्रिल ही कंपनी घेतली. १९९९ च्या सुमारास इटली सरकार आपले टोल रस्ते विकायला काढत होते, तेव्हा बेनेटन कुटुंबाने त्या ऑतोस्त्रादे कंपनीत मोठा हिस्सा घेतला. टोलचा धंदा म्हणजे रोज गल्ला भरणारा, फॅशन बदलली म्हणून न बुडणारा. रंग चालेल की नाही ही चिंता नाही. घराण्याचा पैसा आणि डोके दोन्ही तिकडे गेले.

नेमक्या त्याच वर्षांत स्पेनची झारा पुढे सरकत होती. तिने गॅलिसियातल्या आपल्या कारखान्यांत आणि शिलाईघरांत असा बंदोबस्त केला की दुकानात काय खपते याची खबर रोज कारखान्यात पोचावी आणि दोन-तीन आठवड्यांत नवा माल फळीवर यावा. बेनेटनचा दुकानदार अजून सहा महिने आधी मागणी नोंदवत होता. २००० साली बेनेटनची विक्री सुमारे २०० कोटी युरो आणि झाराच्या मालक कंपनीची २६० कोटींच्या आसपास, म्हणजे जवळजवळ बरोबरी. २०२३ साली बेनेटन सुमारे ११० कोटींवर उतरली आणि झाराची मालक कंपनी ३,६०० कोटींच्या घरात पोचली. हा फरक यंत्रांनी किंवा नकाशांनी पडला नाही. एका घरात रोज कापडाचा विचार होत होता, दुसऱ्यात टोलचा.

पुढची वर्षे वाईट गेली. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा इमारत कोसळून १,१३४ माणसे मेली, त्यात बहुतेक शिलाई करणाऱ्या मुली होत्या. ढिगाऱ्यात सापडलेल्या कपड्यांवर बेनेटनची चिठ्ठीही होती. कंपनीने आधी संबंध नाकारला, मग कबूल केला आणि २०१५ साली मदतनिधीत ११ लाख डॉलर दिले. १४ ऑगस्ट २०१८ रोजी जेनोआचा मोरांडी पूल कोसळला. ४३ जण ठार झाले. तो पूल ऑतोस्त्रादे कंपनीच्या ताब्यात होता, आणि लोकांचा राग स्वेटरच्या दुकानांवरही निघाला. २०२२ साली कुटुंबाने टोलच्या त्या कंपनीतला हिस्सा सोडला. ऐंशी ओलांडलेले लुचानो २०१८ मध्ये कपड्यांचा धंदा सावरायला परत आले होते. मे २०२४ मध्ये त्यांनी एका वर्तमानपत्राला मुलाखत देऊन हिशेबात सुमारे १० कोटी युरोंचे भगदाड असल्याचे सांगितले, व्यवस्थापनावर दोष ठेवला आणि ते बाजूला झाले. नव्या व्यवस्थापकाने तोट्यातली दुकाने बंद करण्याचा मार्ग धरला. ती दुकाने ज्यांची होती, त्यांची अनामत आणि सजावटीचा खर्च कुणी भरून दिला नाही तर नवल नाही.

धंदा मेला नव्हता

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. मुंबईत गिरणी चालवणे महाग झाले, हे खरेच आहे. शहराच्या मधोमध बॉयलर पेटवून चादरी विणणे आज कुणालाच परवडले नसते. पण चादर-टॉवेलचा धंदाच संपला होता, हे म्हणणे साफ चूक आहे. १ जानेवारी २००५ पासून जागतिक व्यापारातील कापडाचे कोटे उठले. त्यानंतर भारतातून चादरी-टॉवेलची निर्यात जोमाने वाढली. गुजरातेत वापी आणि अंजारला वेलस्पन, पंजाबात बर्नाला आणि मध्य प्रदेशात बुधनी येथे ट्रायडंट यांनी प्रचंड कारखाने उभे केले आणि अमेरिकेच्या मोठ्या दुकानसाखळ्यांना टॉवेल पुरवू लागले. ज्या काळात बॉम्बे डाईंगचे माग थांबत होते, नेमका तोच हा काळ. नाव बॉम्बे डाईंगकडे होते, शतकाचा अनुभव होता, गावोगावचे विक्रेते होते. जमीन विकून आलेला पैसा मागांत घालण्याचा मार्ग खुला होता. तो पैसा धाग्यात आणि इमारतींत गेला, आणि इमारतींसाठी कर्जही काढावे लागले.

हे बेकायदा नव्हते आणि आम्ही त्याला लबाडी म्हणत नाही. मालकाने आपली पुंजी कुठे लावावी हा त्याचा अधिकार. पण त्या नावावर भरवसा ठेवून पाटी लावणाऱ्या दुकानदाराला हा निर्णय कुणी कळवत नाही. त्याला तो फळीवरून कळतो. आधी नवी डिझाईन येणे कमी होते. मग मागितलेला माल अर्धा येतो. मग कापडाची वीण विरळ लागते. मग सणाच्या आधी कंपनीच स्वस्त विक्री लावते आणि महिनाभर आधी पूर्ण भावाने घेतलेला माल दुकानदाराच्या गळ्यात पडतो. शेवटी जिल्ह्याचा प्रतिनिधी फिरकेनासा होतो. या क्रमाने गोष्टी घडू लागल्या की समजावे, वर कुठेतरी पैशाची वाट बदलली आहे.

गडचिरोलीच्या आठवडी बाजारात, एटापल्ली-अहेरीकडे, सायकलवर आणि आता मोटारसायकलवर गठ्ठे बांधून फिरणाऱ्या आपल्या भाईंना ही चिंता कमी आहे. त्यांचा माल नावावर खपत नाही, त्यांच्या ओळखीवर खपतो. रंग गेला तर पुढच्या बाजारी बाई चादर त्यांच्याच अंगावर टाकते, म्हणून ते रंग घासून पाहिल्याशिवाय माल उचलत नाहीत. अशा बाजारात नावाजलेल्या कंपन्यांशी मिळतीजुळती नावे छापलेल्या चादरीही सर्रास दिसतात. त्यापासून दूर राहावे. पकडले गेले तर माल जप्त होतो, आणि न पकडले गेले तरी दोन धुण्यांत गिऱ्हाईक तुटते.

जे एजन्सीचाच विचार करीत आहेत त्यांनी काही गोष्टी आधी विचाराव्यात. कंपनी शेअरबाजारात नोंदलेली असेल तर तिचा वार्षिक अहवाल फुकट पाहायला मिळतो. इंग्रजी येणारा एखादा मुलगा जवळ बसवून त्यात धंदावार विक्रीचा तक्ता काढायला सांगावा. ज्या मालाची पाटी आपण लावणार त्याचा एकूण विक्रीत वाटा किती आणि तो तीन-चार वर्षांत वाढला की घटला, एवढे दोनच आकडे पाहावेत. बॉम्बे डाईंगच्या बाबतीत हा तक्ता वर्षानुवर्षे सगळ्यांसमोर होता. माल कंपनी स्वतः बनवते की बाहेरून घेते, हेही विचारावे. बाहेरून घेते म्हणजे वाईटच असे नाही, बेनेटननेही बाहेरूनच विणून घेतले होते. पण मग तपासणी कोण करतो हे समजून घ्यावे.

करारात अनामत कधी आणि किती दिवसांत परत मिळणार, न खपलेल्या मालाचे काय, कंपनीने मध्येच भाव उतरवला तर आधी घेतलेल्या मालाचा फरक कोण सोसणार, आणि कंपनी तोच माल मोबाईलवरून आपल्या भावाखाली विकणार असेल तर आपला हिशेब काय, ही चार कलमे लेखी असावीत. प्रतिनिधी तोंडी पुष्कळ कबूल करतात. सजावटीचा खर्च सगळ्यांत फसवा असतो. फळ्या, दिवे, काच यांत गेलेला पैसा त्या एका नावाच्या रंगात रंगलेला असतो आणि नाव गेले की तो मोडीत निघतो. शक्यतो फळ्या साध्या ठेवाव्यात, त्यांवर उद्या दुसराही माल मांडता येतो.

आणि ईदचा माल उचलण्यापूर्वी ही बोलणी उरकून घ्यावीत. एकदा गठ्ठे दुकानात पडले आणि धनादेश कंपनीच्या हातात गेले की मग करारातली कलमे वाचायला दोन्हीकडे कुणालाच सवड नसते.